भरून निघाली की लागते

“वयनी, ती भाऊंची नवी गाडी लागते हां! भरून निघाली का—”

एवढंच ऐकू आलं. पुढचं पाण्याच्या पंपाने गिळलं. आमच्या सोसायटीचा पंप सकाळी साडेआठला सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. अंजनाबाई गेटपाशी बसून बोंबील साफ करत होती, कुंदाताई पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ओणवून उभ्या होत्या. अंजनाबाईचे ओठ आणखी बराच वेळ हलले. कुंदाताईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं, कळलं.

मी ती भाऊंची गाडी बोलतेय. मुलुंड पूर्वेच्या शुभदा सोसायटीत, जिन्याच्या अंगाला, बरोब्बर कुंदाताईंच्या गॅलरीखाली माझी जागा. त्या गॅलरीखाली राहून राहून माझ्या बोलण्यालाही त्यांचंच वळण लागलंय. थोडं पाल्हाळ झालं तर चालवून घ्या. चौकसपणाही त्यांचाच. काच चार बोटं उघडी राहिली की मला कुणाकडे पाहुणे आले, कुणाची भाजी करपली, सगळं कळतं.

आता अंजनाबाईला काय म्हणायचं होतं ते सांगते. ती भांडुपच्या कोळीवाड्यातून येते, गेटच्या कडेला जमिनीवर बसते, त्यामुळे तिला गाड्या खालून दिसतात. आमच्या गेटात सोसायटीने स्वतःच्या हौसेने एक स्पीडब्रेकर घातलाय. माप नाही, काही नाही, उरलेलं सिमेंट दिसलं आणि थापलं. पाऊण वीत उंच. मी जराशी बुटकी. पाच माणसं बसवून त्यावरून गेलं की माझं पोट घासतं, खर्रर्र. अंजनाबाई म्हणत होती, भरून निघाली का खाली सिमेंटला लागते, भाऊंना सांगा, हळू काढा म्हणावं.

पण आपल्याकडे ‘गाडी लागते’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उलटी. त्यातून आदल्याच दिवशी कुंदाताईंनी गॅलरीतून बघितलं होतं, बोरिवलीहून संक्रांतीचं हळदीकुंकू करून आलेल्या उत्तराबाई माझ्यातून उतरल्या आणि तोंडाला पदर लावून गेटच्या गटाराशी वाकल्या. दोन गोष्टी एकीला एक जुळल्या. चिकटवायला कुंदाताई होत्याच.

उत्तराबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. मला या घरात आणलं ते त्यांनी. हे ऐकायला साधं वाटतं, पण साधं नाही.

दसऱ्याच्या आधी भाऊ, त्यांचा मुलगा देवव्रत आणि सून शर्मिष्ठा गाडी बघत फिरत होते. माझी एक सवत आहे. अंगाने माझ्याएवढीच, वयाने माझ्याएवढीच, चार दारं, मागे डिकी, तेच सगळं. तिचं नाव घेत नाही. तुमच्या इमारतीत खाली जाऊन बघा, सगळ्यात जास्त ज्या दिसतील ना, ती. आमच्या सोसायटीत तेव्हा सतरा गाड्यांपैकी नऊ त्याच होत्या. देवव्रतचंही मन तिच्यावरच होतं. “बाबा, डिकी मोठी आहे. मायलेज चांगलं आहे. विकायला काढली की हातोहात जाते.” अजून घेतली नव्हती आणि विकायचं ठरत होतं.

उत्तराबाई कधी कशात बोलत नसत. पडदे शर्मिष्ठाने निवडले, टीव्ही देवव्रतने, घर भाऊंच्या वडिलांनी. त्या दिवशी त्या सवतीच्या मागच्या सीटवर बसून आल्या होत्या, मग माझ्या बसल्या. काच खाली केली, वर केली. आणि म्हणाल्या, “त्या गाडीत मागे बसलं की विहिरीत बसल्यासारखं वाटतं. हिच्यातून बाहेरचं दिसतं.”

“आई, गाडी काय बाहेर बघायला घेतात का?”

“तुम्ही पुढे बसणार. मी मागे बसणार. मी काय बघू, तुझी मान?”

भाऊ हसले आणि का कोण जाणे, हो म्हणाले. आयुष्यभराच्या संसारात या बाईने निवडलेली एकच मोठी वस्तू, ती मी. तीन महिने त्या मागच्या डाव्या खिडकीशी बसून ठाण्याला गेल्या, घाटकोपरला गेल्या, पवईच्या तलावाशी काच खाली करून बसल्या. कधी शिंक आली तर आली, उलटी नाही.

संक्रांतीपासून सुरू झालं.

कुंदाताई वाईट बाई नाहीत, हे आधी लिहून ठेवा. त्याच दुपारी त्या उत्तराबाईंकडे आलेपाक घेऊन गेल्या. आणि जाताना जिन्यात तीन जणींना सांगून गेल्या, “अगं, बिचारीला नवीन गाडी लागते. अंजनाबाईसुद्धा म्हणत होती. भरून निघाली की जास्तच.” संध्याकाळपर्यंत हे सी विंगला पोचलं. दुसऱ्या दिवशी ‘उत्तराला गाडी लागते’ याचं ‘ती गाडी लागते’ झालं होतं. दोन्हींत फरक आहे. पण फरक कोण बघतो?

तिसऱ्या मजल्यावरचे राजाराम माझ्यासारखीच घेणार होते. आठवडाभर आधी माझ्यात बसून स्टिअरिंगवर हात फिरवून गेले होते, “झकास आहे हो भाऊ!” ते परत आले नाहीत. घेऊन आले ती सवत. पेढे वाटताना म्हणाले, “डिकी मोठी आहे ना.” त्यांच्या डिकीत आजवर एक छत्री आणि एक सतरंजी, एवढंच मी पाहिलंय. खरं कारण जिन्यात त्यांच्या बायकोने सांगितलं, “उगाच कशाला, आमच्या ह्यांच्या आईला लागली म्हणजे?”

सतरात नऊ होत्या त्या वर्षभरात तेरा झाल्या.

माझं राहू द्या. लोखंडाला कसलं आलंय दुःख. घरात काय चाललं ते ऐका.

उत्तराबाई म्हणाल्या, “मला गाडी नाही हो लागत. पोटातच काहीतरी अडकल्यासारखं होतं.” भाऊ म्हणाले, “अगं, गाडी लागते म्हणजे तेच.” कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना भाऊंनी फोनवरच सांगितलं, “हिला गाडी लागते हो.” डॉक्टरांनी गाडी लागण्याची गोळी सांगितली. बघा कसं असतं, जो शब्द दिला त्यावर औषध मिळालं.

मग गंमत सुरू झाली. देवव्रत चावी फिरवायच्या आधी विचारायचा, “आई, पिशवी?” शर्मिष्ठा दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या कप्प्यात ठेवायची. पाहुण्यांसमोर सुद्धा, “आईंची पर्स विसरली तरी चालेल, पिशवी नको विसरायला.” सगळे हसायचे. उत्तराबाईही हसायच्या. हसताना पोटावर हात धरायच्या, ते कुणी पाहिलं नाही. माझ्या आरशात दिसायचं.

पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं, तोंडात लवंग धरून झाली. मग कुणीतरी म्हणालं, पुढे बसवा, समोर बघायला लावा. त्यांना पुढे बसवलं. “इकडेतिकडे बघू नकोस, सरळ रस्त्याकडे बघ.” जिने बाहेरचं दिसावं म्हणून मला निवडलं, तिला बाहेर बघायची बंदी झाली. तरी थांबेना. शेवटी देवव्रत म्हणाला, “आई, तू घरीच थांब ना. उगाच तुलाही त्रास, आम्हालाही.” त्यानंतर लग्न, बारसं, नाटक, सगळीकडे तिघंच जायची. मागची डावी खिडकी रिकामी.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी वरच्या कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या न्हाणीघराचा पाइप माझ्या शेजारून खाली येतो. रोज जेवण झालं की पाऊण तासाने वर नळ जोरात सुटायचा, आणि नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असायचा. घरातल्या घरात. मी इथे, खाली, जागेवर उभी. चाकसुद्धा हललेलं नाही. सांगा, कुठली गाडी लागत होती त्यांना?

मला हॉर्न आहे. पण तो वाजवायलाही माणूसच लागतो.

पावसाळा संपेपर्यंत त्यांचा ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. कुंदाताई गॅलरीतून म्हणाल्या, “उत्तरा, काय गं बारीक झालीस! छान दिसतेस. काय, डाएट का?”

“हो गं,” उत्तराबाई म्हणाल्या. “आपोआप होतंय.”

“आम्हालाही सांग की!”

ते दोन दिवस सोसायटीत फिरलं. उत्तरा डाएट करते.

दुसऱ्या दसऱ्याला देवव्रतने सवत आणली. मला विकायला काढलं होतं, पण घ्यायला कुणी येईना. आमच्या सोसायटीतलं बोलणं शेजारच्या दोन सोसायट्यांत गेलं होतं. मग मला कोपऱ्यात भिंतीला लावून वर कव्हर घातलं आणि माझ्या जागेवर ती उभी राहिली. देवव्रत सगळ्यांना सांगत होता, “आईसाठीच घेतली. हिच्यात लागत नाही.”

“माझ्यासाठी म्हणून घेऊ नका रे,” उत्तराबाई म्हणाल्या. पण ओवाळलं त्यांनीच. चाकांखाली लिंबं ठेवली. घाटकोपरला देवव्रतच्या सासुरवाडीला सगळी निघाली. बऱ्याच महिन्यांनी उत्तराबाईंना बरोबर नेलं होतं. जाताना त्यांनी माझ्या कव्हरवर हात ठेवला, येते म्हणावं तसा.

संध्याकाळी परत आले. दार उघडलं. उत्तराबाई पदर तोंडाला लावून तशाच बसून होत्या. देवव्रत खाली उतरला, मागे वाकून बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

“गेली सीटकव्हरं.”

आईकडे बघून नाही, सीटकडे बघून.

गॅलरीतून कुंदाताईंनी लगेच तोड काढली, “नव्या गाडीचा वास असतो रे, त्याने झालं असेल!” म्हणजे बघा. माझ्यात झालं तेव्हा मी वाईट. तिच्यात झालं तेव्हा वास वाईट.

तिसऱ्या खेपेला मात्र शर्मिष्ठा सीट पुसता पुसता थांबली. म्हणाली, “आई, हे घरीही होतंय का?”

उत्तराबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. “संक्रांतीपासून,” म्हणाल्या.

“संक्रांतीपासून? दिवाळी आली आई! बोलला का नाहीत?”

“बोलले की. तुम्ही पिशवी दिलीत.”

त्यानंतर घाई झाली. तपासण्या, फोटो, नळी घालून बघणं. जठराच्या तोंडाशी गाठ होती. खाल्लेलं पुढे सरकतच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी भाऊंना विचारलं म्हणे, “इतके महिने काय समजत होतात?” भाऊंनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. माझ्याजवळ येऊन एकदा कव्हरचा कोपरा उगाच सरळ केला, एवढंच.

ऑपरेशनला जायच्या दिवशी सकाळी देवव्रतने सवतीचं दार उघडलं. उत्तराबाई तिच्यापाशी गेल्याच नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या.

“मी माझ्या गाडीतून जाणार.”

“आई, आज तरी हट्ट नको.”

“आजच करते रे. पुढे कधी करू?”

भाऊ दर रविवारी कव्हर काढून मला दहा मिनिटं चालू ठेवायचे, त्यामुळे मी तयार होते. कव्हर निघालं. उत्तराबाई मागे, डाव्या खिडकीशी. शेजारी शर्मिष्ठा. पुढे देवव्रत आणि भाऊ. डिकीत दोन बॅगा, बादली, थर्मास. तेवढ्यात कुंदाताई साडीच्या निऱ्या सावरत धावत आल्या, “थांबा, मी पण येते! उत्तरा, मी आहे गं तुझ्याबरोबर.” त्या मागे चेपून बसल्या. पाच जण झाले.

काच खाली होती. पंप अजून सुरू झाला नव्हता. गेटात आम्ही आलो आणि—

खर्रर्र.

माझं पोट सिमेंटला घासलं. कुंदाताई दचकल्या, “अगं बाई! काय झालं?”

गेटापाशी अंजनाबाई पाटी उतरवून बसलेली. तिने कोयता खाली ठेवला आणि खिडकीतून आत बघत म्हणाली, “बगा वयनी! मी तुमाला मागच्या संक्रांतीला सांगितलेलं ना? भरून निघाली का लागते. खाली लागते. भाऊंना सांगा, हळू काढा म्हणावं, असं बोल्ले होते मी. सांगितलं नाय तुमी?”

 कुंदाताईंचं तोंड उघडंच राहिलं. त्या बाईचं तोंड उघडं आहे आणि त्यातून शब्द येत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तराबाई मात्र हसल्या. खरंखुरं, पोटावर हात न धरता. म्हणाल्या, “बघ कुंदा. गाडीच लागते. मला नाही लागत.”

हॉस्पिटलपर्यंत पाऊण तास लागला. त्या पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या. फुलवाला, रंगवत असलेली भिंत, सिग्नलला स्कूटरवर भांडणारं जोडपं, सगळं नाव घेऊन सांगत होत्या, जणू आम्हीच आंधळे. एकदाही उलटी झाली नाही. झाली नाही याचं श्रेय मी घेत नाही. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. एकोणीस दिवस त्या तिथेच होत्या. विसाव्या दिवशी परत येताना माझ्यात चौघं होती, डिकी रिकामी. गेटात सगळ्यांनी श्वास धरला. स्पीडब्रेकरवरून मी अलगद गेले. लागले नाही. तेव्हा शर्मिष्ठा मोठ्याने रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती.

तुम्हाला वाटेल, आता कुंदाताई सुधारल्या असतील. महिनाभर त्या गॅलरीत आल्याच नाहीत. तेराव्याला सगळा स्वयंपाक एकटीने केला, भाऊंना अजून रोज डबा देतात. पण माणसाच्या जिभेला सवय असते. दुसऱ्या महिन्यात गॅलरीतून कानावर आलं, “त्याच गाडीतून नेलं हो तिला. परत आली नाही. ती गाडी त्या घराला लाभलीच नाही.”

‘लागते’चं ‘लाभली नाही’ झालं. ‘ग’चा ‘भ’ झाला. आणि या वेळी तर पंपही सुरू नव्हता.

अजून एक राहिलं. मे महिन्यात राजाराम गावाला निघाले. पाच माणसं, डिकी पहिल्यांदाच भरलेली, वर सतरा पिशव्या. गेटात त्यांची ती सवतसुद्धा घासली, खर्रर्र! माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, पण वजन सगळ्यांनाच खाली बसवतं. राजाराम उतरले, खाली वाकून बघितलं आणि ओरडले, “कुठल्या शहाण्याने घातलाय हा स्पीडब्रेकर? गाड्यांची वाट लावली!” रविवारी मीटिंग. सोमवारी मजूर. दुपारपर्यंत स्पीडब्रेकर फोडून सपाट.

मी लागले तेव्हा गाडी वाईट होती. ती लागली तेव्हा स्पीडब्रेकर वाईट ठरला. लोक तिला का घेतात, असं मला कुणी विचारलं तर मी डिकीचं नाव घेणार नाही. ती घेतली की चूक झाली तर दुसऱ्याची होते. तेरा घरं बरोबर असतात ना.

काल भांडुपहून सुयोग नावाचा एक तरुण मला बघायला आला. पुढे बसला, मागे बसला, काच खाली केली. मग जरा बिचकत भाऊंना म्हणाला, “काका, खालच्या वॉचमनने सांगितलं... गाडी लागते म्हणे?”

वर गॅलरीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

भाऊंनी गेटाकडे बघितलं. तिथे आता नुसता सिमेंटचा पांढरा डाग आहे. मग म्हणाले, “लागायची. भरलेली असली की.”

आणि चावी त्याच्या हातात दिली.

उद्या मी जाते. नव्या घरात कुणी मागे बसलं आणि त्याच्या पोटात ढवळलं, तर एवढं करा हो: पिशवी नंतर द्या. आधी गाडी बंद करा, मागे वळा आणि त्यालाच विचारा, काय होतंय. आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.

डाव्या खिडकीची काच तेवढी जपा. ती खालून वरपर्यंत नीट जाते. तिच्यातून बाहेरचं दिसतं.